एर्बियम फायबर लेसर सकाळी लॉक होतो, दुपारी सुटतो, तेव्हा काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने एर्बियम फायबरची रिंग जोडली आहे. ९७६ नॅनोमीटरचा ३०० मिलिवॉटचा पंप, मीटरभर एर्बियम फायबर, आयसोलेटर, दोन पोलरायझेशन कंट्रोलर, दहा टक्के बाहेर काढणारा कपलर, एकूण लांबी दहा मीटरच्या आसपास. लेसिंग होतं, पॉवर मीटर पाच मिलिवॉट दाखवतो, पण ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ येते. मार्चमध्ये सकाळच्या वेळी काही वेळा पल्स दिसले आणि ऊन चढल्यावर गेले. मे लागला तसे दिसेनासेच झाले. गाइड म्हणतात, दुप्पट ताकदीचा पंप मागवू. आणि घरून विचारणा होते, की सराफ बाजारात दागिन्यांवर हॉलमार्क कोरणारं मशीनही फायबर लेसरचंच आहे, ते दिवसभर चालतं, मग तुझंच का अडतं?

ताई, पंप मागवू नका. ३०० मिलिवॉट तुम्हाला पुरून उरतात. उलट तुमची अडचण जास्त पंपामुळे वाढतेय, असा मला संशय आहे. त्याचं कारण खाली येईलच.

आधी घरच्यांचा प्रश्न घेऊ, तो चांगला आहे. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, कोरणारं मशीन साधारणपणे इटर्बियम फायबरचं असतं, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, सरासरी २० वॉट, पल्स शंभरेक नॅनोसेकंदांचा. सेकंदाला वीस हजार पल्स धरले, तर प्रत्येक पल्समध्ये एक मिलिज्यूल ऊर्जा आणि दहा किलोवॉटची शिखर-पॉवर. हा क्यू-स्विच प्रकार झाला. त्यात ऊर्जा साठवायची आणि एकदम सोडायची, एवढंच काम आहे. शंभर नॅनोसेकंदांत प्रकाश हवेत तीस मीटर जातो, म्हणजे पल्स लेसरच्या पोकळीपेक्षाही लांब. तुम्हाला हवा आहे ३०० फेम्टोसेकंदांचा पल्स. तेवढ्या वेळात प्रकाश ९० मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीएवढा. ऊर्जा साठवून सोडण्याने इतका आखूड पल्स कधीच मिळत नाही. त्याची वाट वेगळी आहे, आणि ती पंपाच्या ताकदीतून जात नाही.

तुमच्या रिंगमध्ये प्रकाशाला एक फेरी मारायला साधारण ४९ नॅनोसेकंद लागतात. म्हणून रिंगमध्ये टिकू शकणाऱ्या वारंवारता एकमेकींपासून २०.४ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात. १५५० नॅनोमीटरपाशी आठ नॅनोमीटर रुंदीचा स्पेक्ट्रम मिळाला, तर तो एक टेराहर्ट्झ भरतो. म्हणजे अशा जवळजवळ पन्नास हजार वारंवारता, ज्यांना मोड म्हणतात, एकाच वेळी चालू. त्यांच्या कला, म्हणजे फेज, वाटेल तशा असतील तर बाहेर येतो तो नुसता गोंधळ, आणि तुमच्या डिटेक्टरला तो सरळ रेघेसारखा दिसतो. त्याच कला एका ओळीत आल्या, की दर ४९ नॅनोसेकंदांनी एकच टोकदार पल्स येतो. यालाच मोड-लॉकिंग, किंवा लेसर लॉक होणं, म्हणतात. सेक-स्क्वेअर या नेहमीच्या पल्स-आकाराला वेळ आणि वारंवारता-रुंदी यांचा गुणाकार ०.३१५ पेक्षा खाली जात नाही. एक टेराहर्ट्झला भागलं की ३१५ फेम्टोसेकंद. म्हणजे पल्सची किमान लांबी ठरवतो तो स्पेक्ट्रम.

आता या पन्नास हजार मोडना ओळीत आणतं कोण? १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हीलियम-निऑन लेसरवर हे पहिल्यांदा पद्धतशीर केलं गेलं तेव्हा बाहेरून मॉड्युलेटरने ठेका दिला होता. तुमच्या रिंगमध्ये मॉड्युलेटर नाही. तिथे काम होतं ते नुकसानीच्या हिशेबाने: मंद प्रकाशाला प्रत्येक फेरीत जास्त नुकसान आणि तीव्र प्रकाशाला कमी, अशी व्यवस्था लावायची. आपल्याकडची काळी-पिवळी जशी सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसा इथे एकटा-दुकटा फोटॉन अडकतो आणि गर्दीने आलेले पार होतात. मग सुरुवातीच्या गोंधळातला जो एखादा उंचवटा इतरांपेक्षा जरा उंच असतो, तो दर फेरीला आणखी उंच आणि अरुंद होत जातो, बाकीचे मरतात. हजारो फेऱ्या म्हणजे मिलिसेकंदही नाही. पंप दुप्पट केलात तर गर्दी आणि एकटे, दोघांनाही सारखीच ताकद मिळते. हिशेब तिथेच राहतो.

तुमच्या रचनेत ही व्यवस्था ध्रुवीकरणाच्या फिरण्यातून होते. त्याला नॉनलिनिअर पोलरायझेशन इव्होल्यूशन, थोडक्यात एनपीई म्हणतात. फायबरमधून जाणाऱ्या लंबवर्तुळी ध्रुवीकरणाची दिशा तीव्रतेनुसार थोडी फिरते, कारण काचेचा अपवर्तनांकच तीव्रतेनुसार बदलतो. पल्सचं शिखर जास्त फिरतं, पायथा कमी. पुढे एक पोलरायझर असा लावायचा, की शिखर पार होईल आणि पायथा कापला जाईल. कंट्रोलर फिरवून आपण हेच साधत असतो.

आणि इथेच माझा पहिला प्रश्न: तुमच्या रिंगमध्ये पोलरायझर आहे का? तुम्ही सांगितलेल्या यादीत मला तो दिसला नाही. आयसोलेटर दोन जातींचे मिळतात. टेलिकॉमसाठी विकला जाणारा स्वस्त आयसोलेटर बहुतेक वेळा ध्रुवीकरणावर अवलंबून नसतो. तो प्रकाश एकाच दिशेने सोडतो, पण पोलरायझरचं काम करत नाही. ध्रुवीकरणावर अवलंबून असलेला आयसोलेटर दोन्ही कामं करतो. डब्यावरचा पार्ट नंबर डेटाशीटशी ताडून बघा. पहिल्या जातीचा निघाला, तर तुमच्या रिंगमध्ये शिखर आणि पायथा यांत फरक करणारं जवळजवळ काहीच नाही. कपलरमध्ये आणि पंपाचा प्रकाश रिंगमध्ये आणणाऱ्या डब्ल्यूडीएममध्ये ध्रुवीकरणानुसार जो बारीकसा फरक उरतो, तेवढ्यावर सगळा डोलारा उभा. मार्चमध्ये कधीतरी पल्स दिसले आणि टिकले नाहीत, याचा मेळ त्याच्याशी बसतो. अशा वेळी रिंगमध्ये एक इन-लाइन पोलरायझर स्प्लाइस करा, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडा. दुप्पट पंपापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडेल.

दुसरं, मार्चमध्ये जे दिसलं ते मोड-लॉकिंगच होतं का? स्कोपचा जुना स्क्रीनशॉट असेल तर दोन पल्समधलं अंतर मोजा. ४९ नॅनोसेकंद असेल तर मोड-लॉकिंग. दहा-वीस मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त असेल, तर तो क्यू-स्विचिंगचा अस्थिरपणा. एर्बियमची वरची पातळी सुमारे दहा मिलिसेकंद ऊर्जा धरून ठेवते, त्यामुळे हे लेसर अशा उचक्या देतातच. मोठ्या उचकीच्या आत ४९ नॅनोसेकंदांची बारीक कंगवी दिसली, तर दोन्ही एकत्र चाललंय, म्हणजे तुम्ही बरोबर जागेच्या जवळ आहात.

तिसरी तपासणी परावर्तनाची, आणि ही सगळे जण टाळतात. रिंगमध्ये कुठूनही थोडा प्रकाश मागे आला की वाढू पाहणारा उंचवटा दबतो आणि लेसर आपोआप सुरू होत नाही. उघड्या सरळ टोकावरून चार टक्के प्रकाश परत येतो. कपलरचा न वापरलेला चौथा पाय तसाच लोंबत असेल, तर त्याला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कशाभोवती सात-आठ घट्ट वेढे द्या किंवा टोक तिरकं कापा, म्हणजे क्लीव्ह करा. रिंगच्या आत कनेक्टर ठेवूच नका, सगळं स्प्लाइस करा. बाहेरच्या टोकाला हिरवा, म्हणजे तिरक्या घासणीचा कनेक्टर लावा. निळा नको. हिरवा-निळा एकमेकांत खुपसू नका, दोघांचीही टोकं खराब होतात. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ, त्यात आसपास जिनिंग असेल तर कापसाचे तंतू, हे फेरूलवर, म्हणजे कनेक्टरच्या टोकावर, बसलेले नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. दोनशेपट मायक्रोस्कोपखाली बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारा कागद वापरा, तोंडाने फुंकर मारू नका.

एवढं झालं की कंट्रोलर. हे काम लिहून शिकवणं अवघड आहे, पण हाताची पद्धत सांगतो. पंप बऱ्यापैकी वर न्या, समजा २०० मिलिवॉट. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि स्कोप दोन्ही समोर ठेवा. तीन पाकळ्यांचा कंट्रोलर असेल तर मधली, अर्ध-तरंगाची पाकळी सावकाश पूर्ण फिरवा. काही झालं नाही तर कडेची पाकळी दहा अंश सरकवून मधली पुन्हा पूर्ण फिरवा. घाईने तिन्ही एकदम हलवणाऱ्याला जागा सापडली तरी परत सापडत नाही. स्पेक्ट्रमवर सुरुवातीला १५६० च्या आसपास सुयांसारखे दोन-चार काटे दिसतील, जागच्या जागी उड्या मारणारे. योग्य कोन जवळ आला की काटे थरथरतात, स्कोपची रेघ जाड होते. आणि मग बोटाखाली पाकळी किंचित सरकते न सरकते तोच काटे नाहीसे होऊन त्या जागी गुळगुळीत घुमट उभा राहतो, दोन्ही उतारांवर सममितीने ठेवलेले बारीक कळस. हे कळस म्हणजे केली साइडबँड. १९९२ मध्ये केली यांनी त्यांचं कारण मांडलं: सॉलिटॉन, म्हणजे आकार टिकवून फिरत राहणारा पल्स, दर फेरीला जो थोडा प्रकाश सांडतो, तो काही ठराविक तरंगलांबींना साचत जातो. ते दिसले की रिंगचं डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींच्या वेगांतला फरक, ऋण बाजूला आहे हे पक्कं. तुमचं तसंच असणार, कारण साध्या सिंगल-मोड फायबरचं १५५० ला किलोमीटरमागे सुमारे उणे २२ पिकोसेकंद-वर्ग असतं आणि तुमच्याकडे ते नऊ मीटर आहे.

पाकळी तिथेच सोडा. हात उचलताना ती हलते, हेही लक्षात ठेवा. सापडलेली जागा फोटो काढून ठेवा.

आता पॉवरकडे येतो, कारण तुमच्या पाच मिलिवॉटमध्ये सगळं उत्तर दडलंय. सॉलिटॉनला स्वतःची ठरलेली ऊर्जा असते. डिस्पर्शन त्याला पसरवतं, काचेचा अरैखिकपणा त्याला आवळतो, आणि दोघांचा तोल एका विशिष्ट ऊर्जेलाच बसतो. साध्या फायबरमध्ये ३०० फेम्टोसेकंदांसाठी ही ऊर्जा येते सुमारे २०० पिकोज्यूल. २० मेगाहर्ट्झने गुणलं तर रिंगच्या आत सरासरी चार मिलिवॉट, आणि दहा टक्के बाहेर म्हणजे ०.४ मिलिवॉट. एवढंच. आत मात्र त्याच चार मिलिवॉटची शिखर-पॉवर सहाशे वॉटच्या आसपास जाते. म्हणजे एकच पल्स फिरवणारा तुमचा लेसर बाहेर अर्धा मिलिवॉट देईल, आणि ते यश आहे. पाच मिलिवॉट येत असताना लॉक झालाच, तर आत दहा-बारा पल्स फिरत असतील, किंवा घुमटाच्या टोकावर सीडब्ल्यूचा, म्हणजे पल्सविना सलग प्रकाशाचा, एक काटा उभा असेल. म्हणून लॉक मिळाल्यावर पंप हळूहळू कमी करा. पल्स एकेक करून गळतात, स्कोपवर ते स्पष्ट दिसतं, आणि शेवटी एक उरतो. सुरू व्हायला जेवढा पंप लागतो त्याच्यापेक्षा बराच कमी पंप तो टिकवायला पुरतो.

खात्रीबद्दल दोन शब्द, कारण परीक्षक इथेच पकडतात. स्कोप आणि फोटोडायोड फक्त एवढंच सांगतात की पल्स ४९ नॅनोसेकंदांनी येतो. स्कोपवर दिसणारी रुंदी ही डिटेक्टरची स्वतःची असते, पल्सची नाही. ती प्रबंधात पल्सची रुंदी म्हणून छापलेली मी पाहिली आहे. एक-दोन पिकोसेकंदांवर चिकटलेली पल्सची जोडीही स्कोपला एकच दिसते. ती स्पेक्ट्रमवर मात्र लपत नाही, घुमटावर समान अंतराच्या लाटा उमटतात. आरएफ स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर २०.४ मेगाहर्ट्झची रेघ पार्श्वभूमीच्या ६० डेसिबल वर असावी आणि तिच्या पायाशी खांदे नसावेत. खरी रुंदी पल्सची स्वतःशीच तुलना करणारं उपकरण, म्हणजे ऑटोकोरिलेटरच सांगतो. सेक-स्क्वेअर धरून त्याच्या रुंदीला १.५४ ने भागायचं, म्हणजे ४६० आलं तर पल्स ३०० चा. रुंद पायथ्यावर मध्येच एक अरुंद सुळका दिसला, तर तो गोंगाटाचा गठ्ठा आहे, मोड-लॉक्ड पल्स नव्हे. स्पेक्ट्रम कितीही देखणा असला तरी. शिवाय मोजताना बाहेरची पॅचकॉर्ड आखूड ठेवा. दोन मीटर साध्या फायबरमधून ३०० चा पल्स पाचशेच्या घरात जातो. ऑटोकोरिलेटर विकत घेणं कॉलेजला परवडणार नाही. पण १५५० नॅनोमीटरला साध्या सिलिकॉन फोटोडायोडमध्ये दोन-फोटॉन शोषण होतं, त्यावर घरचा ऑटोकोरिलेटर उभा करता येतो. मात्र ०.४ मिलिवॉट त्याला कमी पडतील, छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावावा लागेल.

आता ऊन. सकाळी लॉक आणि दुपारी सुटणं हे एनपीईच्या रक्तातच आहे. साध्या फायबरमध्ये वळण, ताण आणि तापमान यांनी थोडं द्विअपवर्तन, म्हणजे ध्रुवीकरणाच्या दिशेनुसार बदलणारा अपवर्तनांक, येतं, आणि पाकळ्यांनी लावलेला कोन या सगळ्यांच्या बेरजेवर टिकलेला असतो. खोली २६ अंशांवरून ३८ वर गेली की बेरीज बदलते, कोन चुकतो. पुण्या-मुंबईच्या एसी लॅबमध्ये लिहिलेल्या प्रबंधांत हा प्रश्न दोन ओळींत उरकलेला असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तो दोन ओळींचा राहत नाही. उपाय तीन पायऱ्यांचा करा. रिंग टेबलावर मोकळी ठेवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीवर फायबर गोल बसवून टेपने चिकटवा, वरून थर्मोकोलचं खोकं घाला, आणि थाळी ३० नव्हे, खोलीच्या कमाल तापमानाच्या थोडी वर, समजा ४० अंशांवर, साध्या हीटरने स्थिर ठेवा. गरम करून स्थिर ठेवणं थंड करून ठेवण्यापेक्षा फार सोपं आणि स्वस्त आहे. पंखा फायबरवर नको. पंप डायोड मात्र या खोक्याबाहेर, मोठ्या हीटसिंकवर. त्याच्या आतला थंड करणारा टीईसी उष्णता मागच्या बाजूला फेकतो. हीटसिंक लहान असेल तर टीईसी जितका ओढेल तितका तापत जातो आणि एका दुपारी डायोड जातो.

डायोड जायचं आणखी एक कारण आपल्याकडे आहे: कोरडी हवा. एप्रिलमध्ये नायलॉनचे कपडे, प्लास्टिकची खुर्ची आणि बोटातून निघालेली ठिणगी. मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधल्याशिवाय डायोडच्या पायांना हात लावायचा नाही. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर ड्रायव्हर यूपीएसवर ठेवा. लाइट परत आली की करंट आपोआप चढू नये, शून्यापासून हाताने चढवावा, अशी सोय बघून घ्या.

खोक्यानेही भागलं नाही, तर एनपीई सोडून द्या. माझं स्पष्ट मत आहे की खान्देशात रोज चालणारा लेसर हवा असेल, तर ध्रुवीकरण धरून ठेवणाऱ्या, म्हणजे पीएम फायबरचाच करावा. त्यात पाकळ्या नसतात आणि ऊन त्याला फारसं हलवू शकत नाही. मग तीव्रतेनुसार नुकसान ठरवायला दुसरं काहीतरी लागतं. सेसॅम हा अर्धवाहकाचा आरसा, उर्सुला केलर यांनी १९९२ च्या सुमारास पुढे आणलेला. बसवायला सर्वांत सरळ, पण महाग आणि जपून वापरायचा. फायबरचाच लूप वापरून केलेला आरसा, हल्ली ज्याला फिगर-नाइन म्हणतात, तो जळत नाही, पण पीएम स्प्लाइस करायला अक्ष जुळवणारं स्प्लाइसर लागतं. साध्या स्प्लाइसरवर तो नाद करू नका. तिसरा पर्याय कार्बन नॅनोट्यूबचा: पीव्हीए या पॉलिमरमध्ये नॅनोट्यूब विखुरून सुकवलेली पातळ फिल्म दोन फेरूलच्या मध्ये दाबायची. रिंगच्या आत कनेक्टर नको म्हटलं त्याला हा एकमेव अपवाद, आणि दोन्ही टोकं हिरवीच हवीत. हिला पाकळ्यांचा सूक्ष्म कोन लागत नाही, त्यामुळे साध्या फायबरवरही ऊन सोसते. तुमच्याच कॉलेजचा रसायनशास्त्र विभाग ही फिल्म करू शकेल. पंप जास्त झाला की ती जळते, म्हणून पाच-दहा फिल्म एकदम करून ठेवा. पहिल्या लेसरसाठी मी हीच निवडेन. ७७ फेम्टोसेकंदांसारखे आकडे, जे एमआयटीच्या गटाने १९९३ मध्ये धन आणि ऋण डिस्पर्शनचे तुकडे जोडून मिळवले, ते पुढच्या वर्षी बघू.

पीएम स्प्लाइसिंग किंवा ऑटोकोरिलेटरसाठी मुंबईकडे बघण्याआधी इंदूरकडे बघा. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरवर मोठं काम चालतं, आणि धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर मुंबईपेक्षा जवळ पडतं. गाइडच्या सहीचं पत्र आधी पाठवा, आणि जाताना आरएफ स्पेक्ट्रम, प्रकाशाच्या स्पेक्ट्रमचा (ओएसए) आलेख आणि रिंगचं लांबीसकट रेखाचित्र न्या.

डोळ्यांचं एक. ९७६ आणि १५५० दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत, आणि ९७६ थेट पडद्यापर्यंत पोचतो. पंप चालू असताना कोणतंही टोक डोळ्यासमोर धरायचं नाही, मायक्रोस्कोपखाली तर मुळीच नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा नसेल तर आधी तो मागवा. क्लीव्ह केलेले काचेचे तुकडे काळ्या कागदावर पाडा आणि चिकटपट्टीने गोळा करा.

पंपाचे पैसे वाचतील त्यातून क्रमाने हे घ्या: पोलरायझर किंवा योग्य जातीचा आयसोलेटर, चष्मा, तापमान नियंत्रक, आणि २० मेगाहर्ट्झ मोजणारा चांगला फ्रिक्वेन्सी काउंटर. काउंटर कशाला, असं गाइड विचारतील. एका अंशाला काचेचा प्रकाशीय मार्ग दशलक्षामागे सुमारे सात भागांनी बदलतो, म्हणजे तुमची २०.४ मेगाहर्ट्झची पुनरावृत्ती अंशामागे दीडशे हर्ट्झच्या आसपास सरकते. लॉक झालेला लेसर खोकं उघडून सकाळपासून दुपारपर्यंत चालू ठेवलात, तर वारंवारता दोनेक किलोहर्ट्झ खाली आलेली दिसेल. शेजारी थर्मामीटर ठेवून हा आलेख काढा. खोक्याच्या आत आणि खोक्याबाहेर असे दोन आलेख एकमेकांवर ठेवले, की तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण मे महिन्यातच लिहून होतं.